नव्या गाण्याचे जुने चाहते

नव्या संगीताचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन सूर हमखास ऐकू येतात. जुने गेले तेव्हाच गाणे संपले, आता उरला तो नुसता गोंगाट, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याला जुन्याचे नावही नकोसे वाटते. दोन्ही पक्ष एकमेकांशी कितीही भांडले तरी एक गोष्ट मात्र दोघेही न बोलता मान्य करतात, ती ही की जुने ते आपले आणि नवे ते परक्याचे. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ही समजूत अधिकच घट्ट असते. त्याचे कारणही उघड आहे. बदलीच्या गावी घर भाड्याचे, शेजार अनोळखी, बाजारातली भाषा वेगळी; अशा वेळी गणेशोत्सवात ऐकलेले एखादे नाट्यगीत हेच माणसाचे गाव होऊन बसते. मग मुलगा कन्नड चित्रपटातील गाणे गुणगुणू लागला, किंवा मुलगी गिटारवाल्यांचा जलसा ऐकावयास पॅलेस ग्राउंडवर निघाली, की आपले काहीतरी हातचे निसटते आहे अशी रुखरुख वडिलांच्या मनाला लागते. ही रुखरुख खोटी नाही. परंतु ज्या समजुतीवर ती उभी आहे ती मात्र इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. आणि हे तपासून पाहण्यास बंगळुराइतके सोयीचे शहर दुसरे क्वचितच सापडेल.

नेमणुकीवर येऊन बंगळुरात राहिलेल्या मराठी माणसांत पहिला मान शहाजीराजांचा. 1638 साली विजापूरच्या फौजांनी हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथील त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आढळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. जयराम बारा भाषांत रचना करी, अशी त्याची ख्याती. त्याच्या ग्रंथात संस्कृत आणि मराठी तर आहेतच, पण हिंदुस्थानी आणि कर्नाटकी बोलींनाही जागा आहे. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या या मराठी सरदाराने आपल्या दरबारात केवळ मराठीचीच कवाडे उघडी ठेवली नाहीत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास तंजावरास गेले आणि तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन झाले. राज्यकर्त्यांच्या घरात मराठी, कवींच्या मुखी तेलुगू आणि रयतेच्या ओठी तमिळ, असा तेथील थाट होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी 1684 ते 1712 पर्यंत राज्य केले. तेलुगूत नाटके रचणाऱ्या या राजाच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटकही आहे. म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या आधी सुमारे दीडशे वर्षे मराठी नाटक कावेरीच्या काठी दाक्षिणात्य वळणाने रंगभूमीवर आले होते. पुढे दुसरे सरफोजी महाराज (1798–1832) यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा छंद जडला. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारा हा विद्वान राजा विलायती वाद्यांचाही तितकाच हौशी चाहता होता. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बाळुस्वामी यांनी व्हायोलिन हे परदेशी वाद्य आपल्या संगीतात आणले. आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची बैठक भरत नाही, आणि ते कोणाला परके वाटत नाही.

याच तंजावरात मराठी कीर्तनकार येत. रामचंद्रबुवा मोरगावकर यांचे कीर्तन ऐकून तेथील कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कथाकथनाला नवा आकार दिला. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत गेली आणि तेथे अशी रुजली की ऐकणाऱ्याला ती पाहुणी वाटत नाहीत. कृष्ण भागवतर हे त्या नव्या प्रकाराचे आधी श्रोते होते आणि मग कर्ते झाले. श्रोत्याच्या कुतूहलातून परंपरेला नवी फांदी फुटते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आता ऋणाची दुसरी बाजू पाहू. ज्या नाट्यसंगीताला आपण मराठीपणाची खूण मानतो, ते कोठून आले? उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी 1842 साली सांगलीस आली आणि तिने श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांसमोर आपले खेळ केले. ते पाहून मराठीत असे काही व्हावे अशी इच्छा महाराजांना झाली. आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्यानंतर 1880 च्या 31 ऑक्टोबरला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचे. साकी, दिंडी, लावणी यांच्या शेजारी कानडी चालीही त्यांनी बेधडक बसविल्या. पुढे 1916 साली ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी हिंदुस्थानी ख्यालाची श्रीमंती नाट्यपदांत ओतली. गाण्याच्या भाराखाली नाट्य गुदमरते, अशी तक्रार संगीत नाटकाविरुद्ध पुष्कळांनी केली. आज आपण ज्याला परंपरा म्हणून हात जोडतो, ते एके काळी कोणाच्या तरी कपाळावर आठी आणणारे नवे खूळच होते.

मराठी नाटक मंडळ्या मग धारवाड, हुबळी, गदग या भागांत दौरे करू लागल्या आणि तेथील प्रेक्षकांना त्यांनी वेड लावले. त्या वेडातूनच, आणि काहीशा चिडीतूनही, कन्नड रंगभूमी नव्याने उभी राहिली. गदगच्या सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांनी 1870 नंतरच्या दशकात कन्नड नाटके रचली, ती आपल्या भाषेत आपले खेळ हवेत या ईर्ष्येने. दक्षिणेकडे 1884 साली गुब्बीची प्रसिद्ध कंपनी निघाली. गुब्बी वीरण्णांनी तिला मोठे वैभव मिळवून दिले. पायपेटीचा सूर दोन्ही रंगभूमींवर सारखाच घुमला. बोलपटाचा काळ आला तेव्हाही हे येणेजाणे थांबले नाही. कन्नडमधील पहिला प्रदर्शित बोलपट ‘सती सुलोचना’ हा कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला आणि 1934 च्या मार्चमध्ये बंगळुरात झळकला. कन्नड माणसाने आपल्या पडद्यावरचे पहिले गाणे ऐकले, ते पंचगंगेच्या काठी मुद्रित झालेले होते.

यापुढचा प्रसंग सरकारी नोकरीत असणाऱ्या आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे; कारण त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी गृहस्थ होते. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे 1952 ते 1962 या काळात केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी मंत्री होते. अभिजात संगीतावर त्यांची निस्सीम भक्ती होती. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे चित्रपटगीते नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. पेटीला तर 1940 पासूनच तेथे मज्जाव होता, आणि तो तीन दशके टिकला. या बंदीचा परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. 1952 सालीच तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती, आणि अमीन सायानींचा आवाज घरोघर पोहोचला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारनेच ‘विविध भारती’ सुरू केली. दिल्लीच्या फायलीवर उमटलेला शेरा कोलंबोच्या लहरींना अडवू शकला नाही.

तथापि केसकरांना केवळ हास्यास्पद ठरवून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्याच कारकिर्दीत 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि थोर गवयांची गायकी खेड्यापाड्यांत पोहोचली. सुगम संगीतालाही नभोवाणीने त्याच काळात आश्रय दिला. पुणे केंद्रावर 1955–56 साली ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ झाले. छप्पन्न गीतांचा तो सोहळा ऐकण्यासाठी घरातली कामे थांबत. त्याची पुढे कन्नडसह अनेक भाषांत रूपांतरे झाली. ज्या नभोवाणीला आपण ‘आकाशवाणी’ म्हणतो, ते नावही 1935 साली म्हैसुरास डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी चालविलेल्या केंद्राचे होते. कर्नाटकात पी. काळिंगराव यांनी भावगीते लोकांच्या ओठी नेली. बेंद्र्यांच्या कविता त्यांच्या गळ्यातून घरोघर गेल्या. मराठी घरात जन्मून कन्नडचे वरकवी झालेले द. रा. बेंद्रे या देवघेवीचे जणू मूर्तिमंत रूप होत. तेव्हा केसकरांनी जेथे नव्याला जागा करून दिली तेथे ते यशस्वी झाले. जेथे त्यांनी दार लावले तेथे श्रोता खिडकीतून निघून गेला.

याच शहरात पुढे आणखी नवे वारे आले. पॅलेस ग्राउंडवर 2003 साली रोलिंग स्टोन्स, 2007 साली आयर्न मेडन आणि 2011 साली मेटॅलिका ही परदेशी पथके गाऊन गेली. त्यांच्या आवाजाने घाबरलेल्या पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच गिटारची साथ घेऊन म्हैसूरकर रघु दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातील संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदे गायिली. ज्या मुलांनी शरीफांचे नाव पाठ्यपुस्तकाबाहेर कधी काढले नसते, ती मुले ती पदे तोंडपाठ म्हणू लागली. आणि 2016 चा ‘सैराट’ पाहा. अजय-अतुल यांचे संगीत घेऊन तो दुसऱ्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये आला. कर्कीची मंडळी सांगलीस गेली त्या वाटेने अजून वर्दळ चालू आहे.

मग नवे ते सारेच चांगले म्हणावयाचे काय? मुळीच नाही. शहाजीराजांपासून ‘सैराट’पर्यंतचा हा प्रवास नीट पाहिला तर निवडीची एक कसोटी हाती लागते. व्हायोलिन टिकले, कारण त्याने राग आत्मसात केला. ‘सीतास्वयंवरा’ला मराठी वाणी मिळाली, तमिळ हरिकथेने साकी-दिंडी तमिळमध्ये बोलकी केली, आणि गिटारला शरीफांचे शब्द सापडले. जे नवे येथील शब्द आणि येथील सूर शिकते, ते घरचे होते. जे शिकत नाही, ते हंगाम संपला की निघून जाते. ते कोठून आले हा प्रश्न गौण आहे. पण कोणते नवे शिकू पाहत आहे आणि कोणते नाही, हे ओळखण्यासाठी ते आधी ऐकावे लागते. न ऐकता शेरा मारण्याचा अधिकार कितीही वरच्या हुद्द्याने मिळत नाही.

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसावर म्हणूनच एक वेगळी जबाबदारी येते. आपण नाट्यगीते जपतो हे योग्यच आहे. परंतु ती ज्या उदार कानांनी घडली ते कानही जपले पाहिजेत. येत्या गणेशोत्सवात बंगळुरातील एखाद्या मराठी मंडळाने तीन संध्याकाळी योजून पाहाव्यात. पहिल्या संध्याकाळी किर्लोस्करांची पदे व्हावीत, दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या कन्नड गायकाला बोलावून बेंद्रे आणि शरीफ ऐकावेत. तिसरी संध्याकाळ मंडळातील तरुणांच्या स्वाधीन करावी, त्यांच्या गिटारसह आणि त्यांनीच निवडलेल्या गाण्यांसह. वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसावे आणि शेवटचे गाणे होईपर्यंत उठू नये.