मासळीची टोपली आणि वंशावळीचा दाखला

आमचे शेंद्रा ज्या शहराच्या वेशीवर आहे, ते शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविले. अंबर जन्माने इथिओपियाचा, आपल्या जुन्या भाषेत हबशी. त्यामुळे इथिओपियातील 'बेटा इस्रायल' या लहानशा ज्यू समाजाचा इतिहास वाचताना तो देश आम्हांला अगदीच परका वाटला नाही. परंतु पानोपानी आठवत राहिले ते आपल्याच कोकणातले बेने इस्रायल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा. धर्मग्रंथ समुद्रात गेले. मागे उरले ते शनिवारी घाणा न जुंपणे, मुलांची सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना. गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे गावांनी दिली. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू गृहस्थ तेथे आला. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही शतकांचा फरक पडतो. परंपरा सांगते, की त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी वेचून घेतली. राहाबीची खात्री पटली. ही कथा घडली असो वा नसो, एका समाजाने आपल्या ओळखीचा पुरावा बायकांच्या हाती, स्वयंपाकघरात ठेवला, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतर मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी सिनेगॉग बांधले. पुण्यात १८७४ मध्ये मराठी-हिब्रू हगादा सचित्र छापला गेला. या मंडळींनी कीर्तनेही केली, आणि ती मराठीतच. आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांची दखल तळटीपेपुरतीच घेतली, ही खंत येथेच नोंदवून ठेवतो.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि तेथे मासळीची टोपली कामी आली नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बी निस्सिम यांच्या काळात विवाहनोंदणीसाठी सूचना निघाल्या: बेने इस्रायल वधूवरांची आई, आजी, पणजी, शक्य तितक्या मागे जाऊन तपासावी. ज्या बायकांनी धर्म राखला, त्यांच्याच कुळाविषयी आता शंका! समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये सरकार व संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि सूचनांतून 'बेने इस्रायल' हा उल्लेख काढावा लागला.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. कोकणात याच समाजाने स्वतःत 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद पाळला होता. बिगरज्यू आईची संतती ती 'काळी', आणि तिच्याशी रोटीबेटी व्यवहार नाही. म्हणजे आजीची चौकशी त्यांनाही नवी नव्हती. चौकशी करणारे बदलले होते.

बेटा इस्रायलांची कहाणी दहा वर्षे मागून चालते. त्यांच्याजवळ गेएझ भाषेतील धर्मग्रंथ होता, पण तालमूद नव्हता. हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता, तसा तो जुन्या बेने इस्रायलांनाही नव्हता. १९७३ मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू मानले, १९७५ मध्ये परतीचा कायदा लागू झाला. १९८४ च्या अखेरीस सुदानमार्गे हजारो माणसे विमानांनी आणली गेली. वाटेत भुकेने व रोगांनी जे गेले, तेही हजारोंनीच. आणि पोहोचलेल्यांना लग्नाआधी सांगण्यात आले, की धर्मांतराचे प्रतीक म्हणून स्नान करा. जे आपण कधी सोडलेच नाही, त्यात पुन्हा प्रवेश कसला घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये ते मुख्य रब्बींच्या कार्यालयासमोर महिनाभर बसून राहिले. शहर तेच होते, जेथे एकवीस वर्षांपूर्वी आमची कोकणची माणसे बसली होती.