लकवा: एका शब्दाचा आणि चेहऱ्याचा इतिहास

लकवा हा शब्द मराठी वर्तमानपत्रात आता बहुतेक राजकारणाच्या पानावर भेटतो. फाइलींवर सही होत नसेल तर हाताला लकवा, निर्णय अडले की धोरणलकवा. मूळ अरबी 'लक्वा' मात्र फक्त चेहऱ्याचा. एक बाजू लुळी पडून तोंड वाकडं होतं, त्या आजाराचं ते नाव. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. अंगावरून वारं जाण्याला आपण 'फालिज' म्हणतो. मराठीनं शब्द घेतला आणि अख्ख्या शरीरावर पसरवला. आमच्या हडपसरमध्ये दोन्ही अर्थ चालतात, म्हणून 'खालाजानला लकवा मारला' असं कानावर आलं की मी आधी विचारतो, चेहऱ्याचा की अंगाचा?

हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी यांना पडला होता. रय शहरात जन्मलेल्या आणि बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख राहिलेल्या या हकिमांनी रोग्यांची टिपणं आयुष्यभर लिहून ठेवली. त्यांच्यामागे शागिर्दांनी त्यांचा ग्रंथ केला, 'अल-हावी'. त्यात चेहरा आखडणं आणि चेहरा लुळा पडणं हे दोन वेगळे आजार म्हणून मांडले आहेत. दोष मेंदूत आहे की चेहऱ्याच्या नसेत, हेही ते वेगळं करतात. आणि कपाळावर आठ्या पडत नाहीत, ही खूण त्यांनी नोंदवली. आजही डॉक्टर रोग्याला भुवया वर करायला सांगतात, कारण मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा वाचतं, नसेच्या लकव्यात तेही जातं. (घरच्या घरी ही परीक्षा घेत बसू नये. तोंड वाकडं झालं की थेट दवाखाना.) 'अल-हावी' मूळ अरबीत छापून निघाला तो 1955 पासून, आपल्या हैदराबादच्या दायरतुल मआरिफमधून. आमच्या शाळांत राझींचं नाव घेतलं जातं, पण बहुतेक नुसत्या अभिमानापोटी. ते काय पाहत होते हे कुणी सांगत नाही.

चेहरा सावरला, हे ठरवायचं कसं? पुण्याच्या इतिहासात याचं एक उदाहरण आहे. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. टिपू आपल्याला प्रिय असला तरी हे लपवायचं कारण नाही. पुण्याजवळच्या वीट बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. जेम्स वेल्सनं त्याचं चित्र काढलं आणि 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत छापून आली. नाकाला चित्राचा पुरावा पुरतो, कारण नाक हलत नाही. हसणं, डोळा मिटणं, फुंकर घालणं चित्रात कुठून येणार?

पुढे 1821 साली चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहरा हलवणाऱ्या नसेचं काम उलगडलं, आणि लकव्याचं नाव 'बेल्स पाल्सी' झालं. पॅरिसचे द्युशेन यांनी 1862 च्या पुस्तकात एका म्हाताऱ्या चांभाराची छायाचित्रं दिली. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, म्हणून विजेचे टोक लावून एकेक स्नायू हलवता आला. इथे वीज बाहेरून आत जात होती. आजचा सेन्सर उलटं करतो: स्नायू आकसताना त्यात जी अगदी क्षीण वीज उमटते, ती त्वचेवरून टिपतो.

याची गरज कळायला नसेचा वेग माहीत हवा. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते. म्हणजे गंभीर इजेत कित्येक महिने आरशात काहीच दिसत नाही. याच काळात माणसं खचतात, लग्नकार्यं टाळतात, जंगली कबुतराचा रस्सा शोधत फिरतात. पहिले धागे स्नायूपर्यंत पोचले की वरून चेहरा हलण्याआधीच आत विजेची हालचाल सुरू होते; सुई टोचून ती तपासता येते. चिकटवायचे सेन्सर सुईइतके बारीक नाहीत, शेजारच्या स्नायूची वीजही त्यात मिसळते. पण ते घरी, रोज लावता येतात. नस कधी चुकीच्या स्नायूला जाऊन मिळते आणि हसताना डोळा मिटतो. जोर लावून व्यायाम करणाऱ्याला हे वेळेत दिसलेलं बरं.

डॉक्टरांची 1985 ची हाउस-ब्रॅकमन श्रेणी सहा पायऱ्यांची आहे, पण तीही डोळ्यांनीच ठरते; एकाला तिसरी वाटते, दुसऱ्याला चौथी. इंग्लंडमधले प्लास्टिक सर्जन चार्ल्स एनडूका यांनी चष्म्याच्या फ्रेममध्ये सेन्सर बसवून चेहऱ्याची हालचाल मोजण्याचं काम हाती घेतलं, ते यासाठीच. जुने हकीमही लकव्याच्या रोग्याला आरशात बघायला लावत. मला हा चष्मा त्या आरशाचाच वंशज वाटतो.

माझ्या पेशाला कानाचं मोजमाप जास्त जवळचं. तजवीदमध्ये ब, म, फ, व हे ओठांचे हर्फ. ओठ मिटेना की 'ब' फुसका निघतो, आणि दर आठवड्याला तोच शब्द वाचून घेतला तर सुधारणा ऐकू येते.

औषधाला मात्र मुदत आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडच्या अभ्यासात पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी 94.4 टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 81.6 टक्के होतं. आमच्याकडे हे 72 तास 'हवा लागली', 'नजर लागली' यात जातात. त्यानंतरच्या तपासण्यांसाठी हडपसरहून ससूनला जायचं तर अर्धा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. नकाब घेणाऱ्या बाईला वर अनोळखी माणसांपुढे वाकडा चेहरा उघडा करावा लागतो. घरात बसून, दार लावून मोजता येणारा चष्मा तिच्या सर्वात आधी उपयोगी पडेल, आणि त्याची किंमत अजून तिच्या आवाक्यात नाही.