सत्यम कोसळली त्या दिवशी निफ्टी बीजचं काय झालं?

ईटीएफ म्हटलं की लोक लगेच ॲप उघडून दाखवतात. आज आपण ॲप बाजूला ठेवू आणि जरा मागं जाऊ.

आपल्या नांदेड-लातूरकडं पैसा ठेवायच्या जागा ठरलेल्या. जमीन, सोनं, एफडी, भिशी. शेअर म्हणजे मुंबईचं काम. आणि हे अंतर नुसतं किलोमीटरचं नव्हतं बरं का. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, चलनसुद्धा वेगळं, हाली सिक्का! पुढंही शेअर घ्यायचा तर दलाल, कागदी सर्टिफिकेट, सही जुळली नाही की कागद परत. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअरचे व्यवहार कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सुरू झाले आणि उपग्रहाच्या छत्र्यांमुळं ते मुंबईबाहेर पोचले. १९९६ मध्ये एनएसडीएल आलं, शेअर डिमॅट झाले. हे झालं नसतं तर ईटीएफ आपल्यापर्यंत आलंच नसतं.

त्याच वर्षी निफ्टी आला. निफ्टी ही वस्तू नाही, ती कृती आहे. थालीपिठाच्या भाजणीची असते तशी, कुठलं धान्य किती घ्यायचं ते सांगणारी. ५० धान्यं आणून घरी भाजत बसायचं, की तयार भाजणी वजनावर घ्यायची? ती तयार भाजणी म्हणजे ईटीएफ. टोरांटोत १९९० ला, अमेरिकेत १९९३ ला अशी युनिटं बाजारात आली. भारतात बेंचमार्क म्युच्युअल फंडानं निफ्टी बीज आणलं, जानेवारी २००२ मध्ये ते एनएसईवर लागलं. एक युनिट निफ्टीच्या दहाव्या भागाचं, म्हणजे तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास. तेवढ्यात ५० कंपन्या! तरी बरीच वर्षं फार कुणी विचारलं नाही. एजंटला कमिशन नाही, मग सांगणार कोण?

आता खरी परीक्षा. ७ जानेवारी २००९. हैदराबादची सत्यम, आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या स्वप्नातली कंपनी. रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. शेअर एका दिवसात पाऊणहून जास्त कोसळला. ज्यानं सगळी बचत सत्यममध्ये टाकली होती, त्याचं काय झालं असेल विचार करा. सत्यम निफ्टीतही होती, त्यामुळं निफ्टी बीजवाल्यालाही झळ बसली, निफ्टी त्या दिवशी सुमारे ६ टक्के पडला. पण थोड्याच दिवसांत सत्यम निफ्टीतून बाहेर काढली गेली, तिच्या जागी दुसरी कंपनी आली. निफ्टी बीजवाल्यानं स्वतः काहीच विकलं नाही, कृती बदलली तशी भाजणी बदलली.

म्हणून ईटीएफ पडतच नाही असं कुणी सांगितलं तर हसा. २००८ या एका वर्षात निफ्टी निम्म्याहून जास्त उतरला होता, निफ्टी बीजही सोबत उतरलं. एका कंपनीच्या लबाडीपासून बराच आडोसा मिळतो, बाजाराच्या पडझडीपासून नाही. आणखी एक, ज्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल कमी, तिथं भाव आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा वर-खाली सरकतो. घेताना एनएव्ही बघा, आणि मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर टाका.

आणि आम्ही नाही बाबा शेअरच्या नादाला लागत, असं म्हणणाऱ्या नोकरदार काकांना सांगा: ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ नव्या जमेचा काही भाग ईटीएफमध्ये टाकतंय. आधी ५ टक्के, मग १०, २०१७ पासून १५. पीएफ कापला जात असेल तर काकाही यात आहेतच.

पुढच्या भागात गोल्ड ईटीएफ. सराफा लाईनीतल्या मंडळींनी जरूर ऐका.