आल्फीच्या भूमिकेसाठी नटाची निवड

* आल्फी : रिचर्ड बीन यांच्या ‘वन मॅन, टू गव्हनर्स’ (नॅशनल थिएटर, लंडन, २०११) या प्रहसनातला ऐंशी ओलांडलेला वेटर. गोल्दोनीच्या अठराव्या शतकातील नाटकावरून रचलेले हे कथानक १९६३ च्या ब्रायटनमध्ये घडते. आल्फी जिन्यावरून गडगडतो, दाराचे तडाखे खातो, सूप सांभाळताना थरथरतो. ही भूमिका तरुण टॉम एडन यांच्याकडे गेली, आणि तेच योग्य होते. म्हातारपण अभिनयाने उभे करता येते. इजा न होता पडण्याचे, तेही प्रत्येक प्रयोगात नेमक्या क्षणी पडण्याचे कसब मात्र अंगातच मुरलेले लागते. या शारीरिक विनोदाचे दिग्दर्शन कॅल मॅक्रिस्टल यांचे होते. न्यूयॉर्कमधील प्रयोगांसाठी एडन यांना २०१२ मध्ये टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. — संपा.