मोह आणि मोहोळ

चैत्रात गडचिरोलीकडच्या एका अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. मी मोहाच्या झाडाकडे निघालो तशी घरातल्या आजी ओरडल्या, "मोहाखाली जाऊ नको, वर मोहोळ आहे!" आग्या मोहोळाच्या धाकानं मी मागे फिरलो, पण मोह आणि मोहोळ हे दोन शब्द डोक्यातून गेले नाहीत.

मोहाची दारू मोह पाडते म्हणून झाड मोह, ही व्युत्पत्ती तिथंच ऐकली. झकास आहे, पण मग हिंदीतल्या महुआचं काय करायचं? संस्कृतात मधूक, प्राकृतात महुअ, तिथून महुआ आणि आपला मोह. दोन स्वरांत सापडलेला ध असाच ह होतो: दधिचं दही, बधिरचा बहिरा. म्हणजे मोहात मधु आहे, आणि मोहोळात तर आहेच.

फुलं गोड म्हणून मधूक, एवढ्यावर थांबता येईल. पण मधु हा शब्दच मुळात दुटप्पी. वेदांत तो मधही आहे आणि झिंग आणणारं पेयही. रशियन म्योद म्हणजे मध, ग्रीक मेथू म्हणजे द्राक्षमद्य, इंग्रजी मीड म्हणजे मधाची दारू. मध्य आशियातल्या तोखारी भाषेतला याच कुळातला मित तर चिनी भाषेत मी होऊन बसला.

मध आणि मद्य यांतला फरक मला तरी पाण्याचा वाटतो. फुलांतल्या मकरंदात पाणी अनेकदा 70-80 टक्के. तो तसाच ठेवला तर आंबणारच. कामकरी माश्या तो पोटातल्या मधाच्या पिशवीतून आणतात, एकमेकींच्या तोंडात देतात, त्यांच्या स्रावातलं विकर साखर फोडतं, मग रस पोळ्यात पसरून रात्रभर पंखांनी वारा घालतात. पाणी 20 टक्क्यांच्या आसपास उतरलं की वर मेणाचं झाकण. माशी आंबू देत नाही. मोहफुलं माणूस मुद्दाम आंबवतो.

आता मोहोळातला शेवटचा ळ. कुणी मधुपटल सुचवेल; पण पटलचं मराठीत पडळ होतं, मग मोहोळातला ड गेला कुठे? मधु-आलय म्हणावं, तर शिवालयाचा हिंदीत शिवाला झाला, त्यातला आ टिकला; आपल्याकडे मोहाळ व्हायला हवं होतं. माझा कौल मधुकुलाला. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ, तसं मधुकुलाचं मोहोळ. मधला क तिन्ही ठिकाणी गळला. ऊच्या जागी ओ का, असं व्याकरणवाले विचारतील. मागच्या मोच्या ओढीनं, असं मी ठोकून देतो.

गंमत म्हणजे खुद्द मध या शब्दातला ध शाबूत आहे. घरंदाज मराठी शब्द असता तर तोही ह झाला असता. तो पोथीतून परत आलेला दिसतो.