प्याला कोणाच्या हाती

माउली, पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या एखाद्या चर्चमध्ये आपण मागे उभे आहोत असे समजा. वेदीपाशी पाद्री, त्याची पाठ लोकांकडे. मंत्र लॅटिन भाषेतले. जमलेल्या शेतकऱ्यांना, चांभारांना, बायाबापड्यांना त्यातले अक्षर कळत नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाचे स्मरण म्हणून भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. लोकांच्या मुखी पडते ती फक्त भाकर, तीही बहुतेकांना वर्षातून एकदाच. प्याला पाद्री एकटाच पितो.

सामान्याच्या हातून पवित्र द्राक्षारस सांडेल, ही त्यामागची एक भीती. पण हळूहळू त्या भीतीचा नियम झाला आणि १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेने त्यावर शिक्का मारला. त्याच वर्षी, त्याच गावी, त्याच परिषदेने यान हुस या बोहेमियातल्या उपदेशकाला जाळले. त्याच्या अनुयायांनी पुढे प्याला हीच आपली खूण केली.

मार्टिन लूथर हा व्हिटेनबर्गचा मठवासी साधू. १५१७ मध्ये त्याने पापाच्या दंडातून सुटकेची पत्रे विकण्याविरुद्ध आवाज उठवला, ती गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र १५२० च्या ऑगस्टमधली त्याची पुस्तिका अधिक मोलाची वाटते. जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या त्या पुस्तिकेत तो म्हणतो की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. याजक म्हणजे देवापुढे लोकांसाठी उभा राहणारा. दीक्षेने पाद्र्याच्या आत्म्यावर कधी न पुसणारी खूण उमटते, असे तेव्हा मानत. लूथरने ते नाकारले. पाद्रीपण हे काम आहे. काम सुटले की तो पुन्हा इतरांसारखाच.

त्याने उदाहरण दिले ते साधे आहे. काही श्रद्धावंत रानावनात अडकले, जवळ दीक्षा घेतलेला कोणी नाही. त्यांनी आपल्यातल्याच एकाला निवडले, तर तो पोपने नेमल्याइतकाच खरा पाद्री. चांभार, लोहार, शेतकरी यांचे धंदे वेगळे, पण देवापुढची योग्यता एकच.

यात एक बारकावा आहे, तो नजरेआड होऊ नये. 'मला मध्यस्थ नको' एवढेच याजकपण नव्हे. शेजाऱ्यासाठी प्रार्थना करणे, त्याला वचन सांगणे, त्याची पापकबुली ऐकून धीर देणे, हे सारे आता प्रत्येकाच्या अंगावर आले. वारीत पाया पडताना समोरचा कोण हे न विचारणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

१५२१ च्या नाताळात व्हिटेनबर्गला कार्लश्टाट या लूथरच्या सहकाऱ्याने याजकी वस्त्रे बाजूला ठेवली आणि भाकर व प्याला दोन्ही लोकांच्या हातात दिले. एकाच्या हातून भाकर खाली पडली. ती उचलायला त्याचा हात धजेना! शेकडो वर्षांचा धाक असा एका सकाळी जात नाही. लूथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून नव्या कराराचे जर्मन भाषांतर करत होता. १५२२ च्या सप्टेंबरात ते छापून आले आणि ग्रंथ लोकांच्या भाषेत घरोघर पोहोचू लागला.

आणि मग लोकांनी तो शब्द खरा मानला.

१५२३ मध्ये इंगोलश्टाटच्या विद्यापीठाने एका तरुण शिक्षकाला लूथरची मते सोडायला भाग पाडले. कोणी पुरुष बोलेना. तेव्हा आर्गुला फोन ग्रुम्बाख या चार मुलांच्या आईने विद्यापीठाला पत्र धाडले. मला लॅटिन येत नाही, पण जर्मन येते. माझ्याशी जर्मनमध्ये वाद करा, असे तिने त्या पंडितांना सुनावले. पत्र छापले गेले, हातोहात गेले. विद्यापीठाने उत्तर दिले नाही. तिच्या नवऱ्याची सरकारी नोकरी मात्र गेली.

१५२५ मध्ये शेतकरी उठले. मेमिंगेनला त्यांनी बारा मागण्या लिहिल्या. त्यात वेठबिगारी, सारा, जंगलातले लाकूड सगळे होते. पण पहिली मागणी कोणती? आमचा पाद्री आमच्या गावाने निवडावा आणि नीट न वागला तर काढावा. दोनच वर्षांपूर्वी लाइस्निग गावासाठी लूथरने स्वतः हेच लिहिले होते. आता बंड पेटताच त्याने सरदारांना शेतकऱ्यांवर शस्त्र चालवायला सांगितले. हजारो माणसे कापली गेली. पुढे लूथरच्या पंथातही चर्चचा कारभार राजांच्या हाती गेला आणि पाद्री बहुधा वरूनच नेमले जाऊ लागले. लोकांना प्याला मिळाला, निवड मिळाली नाही. लूथरचा माझ्या मनातला आदर या ठिकाणी थबकतो.

दीडशे वर्षांनी, १६७५ मध्ये, फिलिप श्पेनर या लूथरपंथी पाद्र्याने आपल्या पुस्तकात सर्वांच्या याजकपणाचा हा विसरलेला विचार पुन्हा मांडला. त्याआधीच फ्रँकफुर्टला त्याच्या घरी लोक जमू लागले होते. आधी शिकलेले, मग कारागीरही. ग्रंथ उघडायचा आणि ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचे. स्त्रियाही येत. त्या वेगळ्या बसत. त्यांनी ऐकायचे, बोलायचे नाही.