यमुनेच्या खादरातील वाटा

दिल्लीजवळ यमुनेच्या पुराचे पाणी ज्या सखल गाळपट्टीत पसरते आणि ओसरते तिला त्या भागात 'खादर' आणि तिच्या वरच्या, पुरापासून सुरक्षित असलेल्या जुन्या जमिनीला 'बांगर' म्हणतात. वस्ती मुख्यतः बांगरावर झाली आणि खादरात शिरण्याच्या वाटा नदीला उतार असेल त्या घाटांपुरत्याच राहिल्या. मराठी वाचकाला यांतला एक घाट चांगला परिचित आहे. जानेवारी 1760 मध्ये दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट याच खादरात होता. पात्राच्या कडेला माजलेल्या उंच लव्हाळ्याच्या आडोशाने शत्रूचे बंदूकधारी पुढे सरकल्याचे जे वर्णन इतिहासग्रंथांत येते, ते रणाचे आहे तसेच एका भरल्या पाणथळीचेही आहे.

पुढे शंभर वर्षे नदी ओलांडण्याचे मुख्य साधन होड्यांचा पूल हेच होते, आणि मे 1857 मध्ये मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेही अशाच पुलावरून. होड्यांचा पूल पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होत असल्याने त्याने प्रवाहाला फारसा अडथळा केला नाही. 1860च्या दशकात वर रेल्वे आणि खाली रस्ता असा दुमजली लोखंडी पूल उभा राहिला, तेव्हा वाहतूक प्रथमच ऋतूच्या बंधनातून सुटली. तरीही खादराचे खरे नुकसान पुलांपेक्षा 'पुश्त्यां'नी केले, असे म्हणावे लागते. पुश्ता म्हणजे पूर अडवण्यासाठी नदीला समांतर घातलेला मातीचा बांध. त्याच्या माथ्यावरून रस्ता गेला की बांधाबाहेरच्या जमिनीचा पुराशी संबंध तुटतो, आणि आतल्या जमिनीपर्यंत मलब्याचे ट्रक सहज पोहोचतात.

ओखल्याची कथा काहीशी निराळी आहे. आग्रा कालव्यासाठी तेथे 1874 मध्ये बंधारा झाला आणि पुढे नवे बराज आले. अडवलेल्या पाण्यात पाणपक्ष्यांची वसाहत वाढली आणि 1990 मध्ये अभयारण्य घोषित झाले. मानवी बांधकामातून जन्मलेली ही पाणथळ 2001 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाच्या आणि नोएडाच्या इमारतींच्या कोंडीत सापडली. अभयारण्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र ऑगस्ट 2015 मध्ये ठरले, तेव्हा तीन बाजूंना ते केवळ 100 मीटर ठेवले गेले. इतक्या अरुंद पट्ट्यात वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत अडवण्याची शक्यता नगण्य आहे.

13 जानेवारी 2015 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील पूरमैदानात नव्या बांधकामास मनाई केली आणि मलबा टाकणाऱ्यास 50,000 रुपये दंड ठरवला. परंतु पुढच्याच वर्षी मार्चमध्ये एका भव्य महोत्सवासाठी याच मैदानात रस्ते, उतरंडी आणि तरंगते पूल झाले. लवादाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नंतर पाहणी केली, तेव्हा जमीन सपाट, दबलेली आणि टणक झाल्याचे तिला आढळले. दबलेल्या गाळातली हवेची आणि पाण्याची छिद्रे मिटतात, पाणी आत मुरत नाही आणि लव्हाळ्याची मुळे खोल जात नाहीत. म्हणून 'तात्पुरता' रस्ता हा शब्द पूरमैदानात फसवा ठरतो.

याच्या उलट उदाहरण बुराडीपासून फार दूर नसलेल्या जगतपूरचे आहे. तेथे दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने 2002 पासून यमुना जैवविविधता उद्यान उभे केले. क्षारयुक्त झालेल्या जमिनीवर पाणथळी खोदल्या, त्यांच्या काठी नदीकाठचे गवत आणि वृक्ष लावले आणि 457 एकरांच्या या क्षेत्रात लोकांनी पाहावयाचा भाग व निसर्गासाठी राखलेला भाग वेगळे ठेवले. प्रवेशावरची ही मर्यादा हा पुनरुज्जीवनाचाच भाग आहे. तळ्यांचे खोदकाम जितके महत्त्वाचे, तितकेच तेथे कोणत्या वाटेने आणि कोणी जावे हे ठरवणे महत्त्वाचे.

13 जुलै 2023 रोजी जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली, 1978चा 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला, आणि जुन्या खादरातून नेलेल्या रिंग रोडवर नदी परतली. यापुढे दिल्लीत पाणथळ पुनरुज्जीवनाचा आराखडा मंजूर करताना यंत्रांच्या वाटा कोठून जातील आणि काम संपल्यावर त्या कधी उखडल्या जातील, हे प्राधिकरणांनी आराखड्यातच लिहून घ्यावे.